आरटीओला व्हिंटेज, विमा कंपनीला भंगार

माझ्या फियाटच्या विमा पॉलिसीवर तीन वर्षं एक आकडा छापून येत होता : ३०,०००. मी तो कधी वाचलाच नाही. हप्ता किती कमी बसतो, एवढंच बघून खूश व्हायचो. गेल्या पावसाळ्यात कात्रजच्या चढावर पुढचा टेम्पो न्यूट्रलमध्ये मागे घरंगळला आणि डावा फेंडर, बॉनेटचा कोपरा, हेडलाइटची रिंग आणि बंपर असं सगळं एकत्र आत गेलं. डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीने २६,००० रुपये सांगितले. कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणाला, "साहेब, ही टोटल लॉसमध्ये जाते."

गाडी स्वतःच्या चाकांवर चालत घरी आली होती. तिची किंमत विचारायला महिन्यातून एक तरी माणूस थांबतो. मागच्या दिवाळीत एकाने ४ लाख देऊ केले होते. आणि कागदावर ती संपलेली!

चूक सर्व्हेअरची नव्हती. त्याने हिशोब केला तो नियमाप्रमाणेच. तो हिशोब आधी समजून घेऊ, कारण जुनी गाडी बाळगणाऱ्या दहातल्या आठ जणांना तो ठाऊक नसतो असा माझा अनुभव आहे.

गाडीच्या विम्यात 'आयडीव्ही' नावाची रक्कम असते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. नवीन गाडीसाठी तो ठरवायचं कोष्टक ठरलेलं आहे : शोरूमच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. त्यापुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची, असं नियमातच लिहिलंय. आता प्रत्यक्षात काय होतं? एजंट कॉम्प्युटरमध्ये गाडीचं साल टाकतो, कॉम्प्युटर त्याला झेपेल तो सर्वांत लहान आकडा देतो, आणि आपण 'आपसात ठरवलं' म्हणून सही करतो. माझे ३० हजार असे ठरले होते.

दुसरा नियम याहून कडक. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला, की गाडी निकामी धरतात. ३० हजारांचे ७५ टक्के म्हणजे २२,५००. माझा अंदाज २६ हजारांचा. झालं. कंपनी पैसे द्यायला तयार होती, पण मोबदल्यात गाडी सोडायची, नाहीतर भंगाराची किंमत वजा करून घ्यायची, आणि आरसी रद्द करायला द्यायचं. म्हणजे वाकलेल्या फेंडरपायी माझ्या काकांची ही गाडी रस्त्यावरून कायमची उतरवायची. मी क्लेम मागे घेतला आणि खिशातून पैसे भरले. टेम्पोवाल्याच्या थर्ड पार्टी विम्यातून (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा) भरपाई मागता आली असती, पण त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. एका फेंडरसाठी वकील करायचा धीर मला नव्हता.

तर जुन्या गाडीला बाजारात काहीही भाव असो, विम्यापुरती तिची किंमत कुणीतरी लिहून ठेवली असेल तेवढीच. ती अपघाताच्या आधी लिहून घ्यावी लागते.

व्हिंटेज कुणाला म्हणायचं?

इथे गंमत आहे. माझी गाडी १९७१ ची, फियाट ११०० डिलाइट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. याच गाडीचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती साऱ्या देशाला माहीत झाली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर.

तर ही गाडी व्हिंटेज आहे का? इंग्लंडमध्ये १९१९ ते १९३० दरम्यानच्या गाडीलाच व्हिंटेज म्हणायचा शिरस्ता आहे. आपल्याकडच्या जुन्या मोटार विमा दरपुस्तकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची ती व्हिंटेज आणि त्यानंतर १९७० अखेरपर्यंतची क्लासिक. म्हणजे माझी डिलाइट एका वर्षाने हुकली. ना व्हिंटेज ना क्लासिक. आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिथे मी पास! आरटीओत मान मिळतो तो विम्याच्या टेबलावर मिळेलच असं नाही. कुणी 'व्हिंटेज' हा शब्द वापरला की आधी विचारावं, कुठल्या पुस्तकातला?

'मूळ रूपात' हे शब्द वाटतात त्यापेक्षा जड आहेत. चेसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. पद्मिनीत कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल, किंवा अँबेसिडरला जपानी इंजिन लावून घेतलं असेल (ऐंशी-नव्वदच्या दशकात ही हौस बऱ्याच जणांनी केली), तर इथे दार बंद.

व्हीए नंबर घ्यावा का?

व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट. पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अर्ज परिवहनच्या पोर्टलवरून, आणि गाडी खरोखर पात्र आहे की नाही ते राज्याची समिती तपासते. गाडी विकली तर घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने ९० दिवसांत कळवायचं.

फायदा विम्यातही आहे. थर्ड पार्टी हप्ते सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आहेत, वर जीएसटी. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला यात ५० टक्के सूट, म्हणजे माझ्या गाडीला १,७०८.

मग मी हा नंबर का घेतला नाही? अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही म्हणून. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि या ठिकाणी जाणं-येणं एवढीच मुभा. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात निघते. वर्षातून एकदा मिरवणारी अशी गाडी असेल तर हा नियम जणू तिच्यासाठीच केलाय. पण रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं हे कुठल्या सदरात बसवणार? तांत्रिक संशोधनात?

माझं सरळ मत असं. गाडी गॅरेजात झाकून ठेवून वर्षातून दोन-तीन वेळा काढायची असेल, किंवा नोंदणीचे कागदच हरवलेत, गाडी कधीकाळी परदेशातून आली होती, तर व्हीएचा रस्ता बघा. चालवायची असेल तर साधीच नोंदणी जिवंत ठेवा. ती खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागते. गाडी पासिंगला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, निरीक्षकाने ब्रेक-लाइट-हॉर्न बघायचे, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने प्रिंट काढायची. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारगाडीसाठी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं. दर पाच वर्षांनी दहा हजार हे दुखतं, नाही म्हणत नाही. पण त्या पैशात गाडी हवी तेव्हा रस्त्यावर काढता येते.

एक दुःख दोन्हीकडे आहे : एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते. काकांनी लावलेली काळ्या पट्टीवरची ॲल्युमिनियमची उठावदार अक्षरं माझ्या कपाटात आहेत.

घेण्याआधी

कागद आधी, पत्रा नंतर. लोक नेमकं उलट करतात, कारण चकचकीत रंग डोळ्यांना आधी दिसतो.

जुन्या गाड्या बहुधा आजोबांच्या किंवा त्यांच्याही मित्राच्या नावावर असतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायचा अर्ज वेगळा (फॉर्म ३१), त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. ही पायरी विकणाऱ्याने पूर्ण करून द्यावी. 'नंतर बघू' म्हटलं की ते तुमच्या गळ्यात येतं, आणि तोवर एखादा वारस ऑस्ट्रेलियात असल्याचं समजतं. शिवाय आरसी ज्याच्या नावावर नाही त्याने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. गाडी विकली की थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातं. स्वतःच्या नुकसानीचं जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

दुसरं, वहीसारखं जुनं आरसी बुक असेल तर गाडीची माहिती संगणकात चढली आहे का ते आधी बघा. नसेल तर आरटीओत 'बॅकलॉग'ची नोंद करून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत कर, पासिंग, नंबरप्लेट सगळंच अडतं. इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि रंग आरसीशी जुळतात का ते स्वतः बघा. रंग बदललेला असेल तर त्याची नोंद हवी. पांढरी गाडी हौसेने लाल केलेली असते आणि कागदावर ती पांढरीच राहते.

मग पत्रा. खिशात एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा भाग इथे फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. आतलं मॅटिंग उचलून पायाखालचा तळ बघा. इंजिन होऊन जातं हो, त्याला मिस्त्री अजून आहेत. सांगाडा गंजलेला असेल तर त्या गाडीत पैसा ओतणं म्हणजे भोकाच्या हंड्यात पाणी भरणं.

सुट्या भागांचं गणितही बदलतंय. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी संपली. त्या टॅक्सींमुळे क्लच प्लेटपासून दाराच्या हँडलपर्यंत सगळं दुकानात मिळायचं, कारण रोज कुणाला तरी लागायचं. आता गिऱ्हाईक म्हणजे आपण चार हौशी. जे सहज मिळतंय ते दोन-दोन घेऊन ठेवावं. माझ्या पलंगाखाली दोन पेट्रोल पंप आणि एक वॉटर पंप आहे. बायकोने त्याबद्दल बोलणं आता सोडलंय.

विमा नीट कसा उतरवायचा

थर्ड पार्टी तर हवाच. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड सोडा, उद्या कुणाला लागलं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई आपल्या घरावर येते. जुन्या गाडीचे ब्रेक आजच्या गाडीसारखे लागत नाहीत, हे लक्षात ठेवून तरी तो चुकवू नये.

खरा प्रश्न स्वतःच्या गाडीचा. जुन्या दरपुस्तकात व्हिंटेज गाडीसाठी 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसीची सोय होती : किंमत आधी ठरवायची, आणि गाडी गेली तर घसारा न काढता तेवढी रक्कम द्यायची. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचा विमा बराचसा असाच उतरवतात, वर्षाला किती मैल चालवणार ते आधी सांगून. आपल्याकडे मागितल्याशिवाय ही सोय कुणी समोर ठेवत नाही. ती मिळाली नाही तरी मघाचं वाक्य हाताशी आहे : पाच वर्षांनंतरची आयडीव्ही दोघांच्या संमतीने. संमती आपलीही लागते. म्हणून ऑनलाइन पटकन नूतनीकरण न करता शाखेत जावं, परवानाधारक मूल्यांककाचा अहवाल, गाडीचे चारही बाजूंचे, इंजिनचे, आतले फोटो आणि झालेल्या कामांची बिलं घेऊन. पहिली शाखा नाही म्हणेल. मला दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्या ठिकाणच्या बाई स्वतः पद्मिनीतून शाळेत गेलेल्या निघाल्या.

आयडीव्ही वाढली की हप्ता वाढतो, हे उघड आहे. आणि आयडीव्ही मोठी असली म्हणून छोट्या अपघातात सगळे पैसे मिळतात असंही नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवरही ५०. काचेवर शून्य. 'झिरो डेप' (घसारा न कापण्याची) जोडणी इतक्या जुन्या गाडीला सहसा कुणी देत नाही. पण मजुरीवर घसारा नसतो. आणि फियाटच्या कामात फेंडर नवा मिळतच नाही, जुनाच ठोकून सरळ करतात. म्हणजे बिलातला मोठा भाग मजुरीचा असतो. म्हणून मिस्त्रीकडून 'डेंटिंग-पेंटिंग एकूण' असं एका ओळीचं बिल घेऊ नका. मजुरी वेगळी, सामान वेगळं, रंगाचं सामान वेगळं, असं लिहून घ्या. या एका गोष्टीने काही हजारांचा फरक पडतो.

गाडी फार चालवत नसाल तर थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरीचं संरक्षण जोडून मिळतं का ते विचारा. जुन्या गाडीला आगीची भीती खरी आहे. तडकलेली पेट्रोलची नळी गरम इंजिनवर ठिबकायला लागली तर काय होईल ते सांगायला नको.

चालवणं

त्या नळीवरून पेट्रोलचा विषय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही : नळ्या, पंपातला पडदा, कार्बोरेटरमधली वायसरं फुगतात किंवा तडकतात. वर टाकीत पन्नास वर्षं बसलेला गाळ सुटून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, म्हणजे जेटमध्ये, अडकतो. उपाय साधे आहेत : इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बदलून घ्यायच्या, पारदर्शक फिल्टर लावायचा म्हणजे गाळ दिसतो, आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल पडू द्यायचं नाही. दर पंधरा दिवसांनी निदान तासभर गाडी फिरवा. नुसती जागेवर चालू करून बंद केलेली गाडी चालवली असं होत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही.

टायर झिजत नाहीत म्हणून लोक निवांत असतात. टायर वयानेही मरतो. त्याच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो.

आणि वेपर लॉक. ज्याने मे महिन्यात फियाटने घाट चढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. इंजिनला चिकटून बसवलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला पुढे ढकलता येत नाही, आणि गाडी आचके देत बंद पडते. यावरचा इलाज कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही, पण प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होता : पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. माझ्या डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुना पंचा कायम असतो.

मूल्यांकक आला तो एप्रिलमधल्या दुपारी बाराला. साठीचा गृहस्थ, हातात टॉर्च आणि माझ्यासारखंच फडक्यातलं चुंबक. दीड तास गाडीखाली-वर करून झाल्यावर म्हणाला, "चालवून बघू." सिंहगड रस्त्याला लागलो. तिसऱ्या सिग्नलला ती आचके देऊ लागली आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मी काही बोलायच्या आत त्याने दार उघडलं, बॉनेट वर केलं आणि मला म्हणाला, "पंचा कुठे ठेवलाय?"

अहवालात किंमत ३,७५,००० लिहिली आहे, आणि अवस्थेच्या रकान्यात 'चालू'. सोबतच्या इंजिनच्या फोटोत पंपावरचा निळा पंचा स्पष्ट दिसतो. विमा कंपनीतल्या बाईंनी त्यावर काही विचारलं नाही.